बदलापूरला घर घ्या, पण आधी एक पावसाळा तिथे भाड्याने काढा

प्रश्न : आम्ही गेली सहा वर्षे डोंबिवलीत महिना 14,000 रुपये भाड्याने राहतो. माझे पती फोर्टमध्ये आणि मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरी करते. दोघांचे मिळून हातात 82,000 रुपये येतात आणि शिल्लक 11 लाख आहे. घरात पाच वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत. आतापर्यंत आम्ही तीन घरे पाहिली. पहिले बदलापूर पश्चिमेला नदीच्या अंगाला, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत : दोन बेडरूम, 540 चौरस फूट कार्पेट, किंमत साडेत्रेचाळीस लाख, पार्किंगचे 3 लाख वेगळे आणि ताबा दोन वर्षांनी. दुसरा वांगणीचा ‘बंगला प्लॉट’, ज्याबद्दल एजंट सातबाऱ्यावर नाव चढवून देतो म्हणतो. सासूबाईंना अंगण हवे असल्यामुळे त्यांचे मन तिथे आहे. तिसरे बदलापूर पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, चौदा वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे वन बीएचके. लिफ्ट नाही, किंमत 36 लाख. पतींना ते जुनाट वाटले. नव्या फ्लॅटचा बिल्डर रविवारपर्यंत 8 लाख भरा, करार मागाहून करू, असे म्हणतो आहे. मला मात्र रोजच्या प्रवासाची धास्ती वाटते. घरी बोलले की “सगळे जग जाते, तुलाच काय होते?” असे उत्तर मिळते. मी केवळ स्वतःचाच विचार करते आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पत्रातला शेवटचा प्रश्न तुम्ही संकोचाने, जाता जाता विचारला आहे, पण माझ्या मते तोच पहिला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तुम्ही स्वतःचाच विचार करत नाही. घराच्या सगळ्या हिशोबात जो खर्च कोणीच मांडलेला नाही, त्याच्यावर तुम्ही बोट ठेवले आहे. आज घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत तुम्हाला साधारण पंचावन्न मिनिटे लागत असतील. बदलापूर पश्चिमेच्या टोकाहून निघालात, तर शेअर रिक्षा, फलाटावरची वाट, ठाण्यापर्यंतची गाडी आणि ठाणे स्टेशनहून वागळे इस्टेटची बस, असे मिळून पावणेदोन तास धरा. म्हणजे एका वेळेला पन्नास मिनिटे जास्त, दिवसाला शंभर, आणि महिन्याच्या 22 कामाच्या दिवसांत 36 तासांहून अधिक. हे तास कोणाच्या दिवसातून जाणार आहेत, हे घरात एकदा स्पष्ट बोलले जायला हवे, कारण सकाळचा डबा, मुलीची वेणी आणि सासूबाईंची औषधे हे सगळे ज्या व्यक्तीच्या वाट्याला आहे, तिच्याच झोपेतून ते वजा होतात. “सगळे जग जाते” हे खरेच आहे; पण ते कसे जाते, हे पाहण्यासाठी जगाबरोबर एकदा सकाळी फलाटावर उभे राहावे लागते.

डोंबिवलीकर असल्यामुळे गर्दी तुम्हाला नवी नाही. तरीही कल्याणच्या पुढचा प्रवास वेगळा असतो. कल्याणला मार्ग दुभंगतो, एक फाटा कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे जातो, आणि त्यामुळे डोंबिवलीला ज्या संख्येने गाड्या थांबतात तितक्या बदलापूरच्या वाट्याला येतच नाहीत. बदलापूरच्या पुढे, म्हणजे वांगणी, शेलू, नेरळकडे, तर फक्त कर्जत आणि खोपोलीच्या गाड्या जातात; एक चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच वेळ वाट पाहावी लागते. एजंट तुम्हाला सांगेल की बदलापूर लोकल बदलापूरहूनच सुटते, म्हणजे बसायला हमखास मिळते. ती सुटते हे खरे आहे. पण सकाळी तीच गाडी बदलापूरला येते तेव्हा अंबरनाथ-उल्हासनगरहून उलट्या दिशेने बसून आलेली मंडळी आधीच खिडक्या धरून असतात. हा ‘रिटर्न’ प्रवास डोंबिवलीची माणसे कल्याणला जाऊन करतात, तसाच तो इथेही चालतो. फलाटावर गाडी शिरताना दारातल्या बायका आतल्यांना हाक मारतात, “अगं, उतरणार कोण आहे का?” आणि आतून कोणी उत्तर देत नाही, तेवढ्यावरूनच जागा मिळणार नाही हे समजून घ्यायचे असते.

आता पैशांकडे वळू, कारण बदलापूर पश्चिमेचा तो नवा फ्लॅट मुळात तुमच्या शिलकीत बसतच नाही, हे अजून कोणी कागदावर मांडलेले दिसत नाही. साडेत्रेचाळीस आणि तीन मिळून किंमत साडेसेहेचाळीस लाख होते. गृहकर्ज 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांपर्यंत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांहून अधिक कर्ज देता येत नाही, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. म्हणजे किमतीचे 20 टक्के, अर्थात 9 लाख 30 हजार रुपये, तुम्हीच घालायचे. त्यावर जीएसटी येतो, आणि इथे त्या पार्किंगची खरी गंमत आहे. बांधकाम चालू असलेले घर 60 चौरस मीटर कार्पेटच्या आत आणि 45 लाखांपर्यंतचे असेल, तर मुंबई महानगर प्रदेशात त्यावर 1 टक्का जीएसटी लागतो. त्याच्या वर गेले की 5 टक्के. तुमचा फ्लॅट क्षेत्रफळात बसतो (540 चौरस फूट म्हणजे सुमारे 50 चौरस मीटर) आणि किमतीतही बसला असता, पण 45 लाखांची मर्यादा पार्किंगसह घेतलेल्या एकूण रकमेवर मोजली जाते. पार्किंग न घेतल्यास कर 43,500 रुपये होईल आणि घेतल्यास 2,32,500 रुपये. तुमच्याकडे गाडी असल्याचा उल्लेख पत्रात कुठे नाही, तेव्हा नसलेल्या गाडीच्या जागेसाठी तीन लाख आणि वर जवळपास 1,90,000 रुपयांचा जास्तीचा कर, असा हा व्यवहार आहे. शिवाय ती जागा उघड्यावरची असेल, तर ती विकण्याचा हक्कच बिल्डरला नाही. ती सोसायटीची सामायिक जागा असते.

पार्किंगसह बेरीज केली तर 9 लाख 30 हजार आणि 2 लाख 32 हजार 500 मिळून तुमचे 11 लाख संपून वर 62,500 रुपयांची तूट येते, आणि मुद्रांक शुल्क अजून भरायचेच आहे. उरलेल्या 37 लाख 20 हजारांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी 32,000 रुपयांच्या पुढे जातो. बांधकाम जसजसे वर चढेल तसतसा हप्त्याचा भार वाढेल आणि ताबा मिळेपर्यंत डोंबिवलीचे भाडेही चालूच राहील. ताबा दोन वर्षांनीच मिळेल, हे बिल्डरच्या तोंडचे वाक्य आहे. ते महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत पडताळून पाहा. पूर्ण होण्याची मूळ तारीख कोणती होती, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, हे सगळे तिथे पाहायला मिळते. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवरही महारेराचा क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. तुमच्या हातातल्या रंगीत पत्रकावर तो आहे का, एवढे आजच बघा.

रविवारच्या 8 लाखांचे उत्तर सरळ आहे : देऊ नका. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने मनाई केली आहे, आणि साडेत्रेचाळीस लाखांचे 10 टक्के 4 लाख 35 हजार होतात. कायद्यातली इतकी प्राथमिक गोष्ट जो पहिल्या भेटीतच बाजूला सारतो, तो उरलेल्या गोष्टी पाळेल, असे मानण्याचे मला काही कारण दिसत नाही. “ऑफर रविवारपर्यंत” हे वाक्य मी बदलापुरात वीस वर्षांपूर्वीही ऐकले होते, आणि तो रविवार अजून संपलेला नाही.

नदीच्या अंगाचे घर म्हणताना तुम्ही मांजर्ली, हेंद्रेपाडा, रमेशवाडी, सोनिवली यांपैकी नेमके कुठले हे लिहिलेले नाही. पण पश्चिमेच्या या भागाबद्दल मला अनुभवावरून बोलता येईल. 26 जुलै 2005 रोजी, त्या महापुराच्या दिवसांत, मी तिथेच एका तळमजल्यावर भाड्याने राहत होते. त्या दिवशी कार्यालयात अडकून पडले आणि तिसऱ्या दिवशी घरी पोहोचले, तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरात आडवा पडलेला होता, गव्हाच्या कोठीत पाणी शिरून सगळ्या घरात आंबट वास भरला होता, आणि भिंतीवर माझ्या खांद्याइतक्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती, जणू कोणी ओळंबा लावून ओढली आहे. घरमालकाने पुढच्या महिन्यात तिच्यावर रंग दिला आणि नव्या भाडेकरूला ‘इथे पाणी येत नाही’ असे सांगितले. ही गोष्ट एकाच पावसाळ्याची असती, तर मी लिहिली नसती. 2019 च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये चामटोलीजवळ अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. आजही पावसाळ्यात बदलापूरकर एकमेकांना नदीची पातळी विचारतात : साडेसोळा मीटर ही इशारा पातळी आणि साडेसतरा ही धोका पातळी, हे आकडे तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात.

म्हणून त्या इमारतीची जागा पूररेषेच्या नकाशावर कुठे येते, हे नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन पाहा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नकोच. दोन्ही रेषांच्या मध्ये असेल, तर परवानगीत कोणत्या अटी घातल्या आहेत, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. नकाशा मिळेपर्यंत डोळ्यांनी पाहण्यासारखेही पुष्कळ असते. शेजारच्या जुन्या इमारतींमध्ये विजेच्या मीटरची पेटी किती उंचीवर बसवली आहे ते पाहा. ती माणसाच्या डोक्याच्या वर, शिडी लावावी लागेल अशी असेल, तर ती हौसेने तिथे गेलेली नाही. तळमजल्यावरच्या वाण्याला तुम्ही पावसाळ्यात माल कुठे हलवता, असे विचारा; पाणी येते का, असे विचारले तर तो नाहीच म्हणेल.

वांगणीच्या प्लॉटबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यात विचार करण्यासारखे फारसे नाही. सातबाऱ्यावर नाव चढवून देणे म्हणजे घर बांधण्याचा हक्क मिळणे नव्हे. जमीन अजून शेतीची असेल, तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला ती परवानगीशिवाय विकतच घेता येत नाही. आणि अनेक अनोळखी माणसांच्या सामायिक सातबाऱ्यात तुमचे नाव घातले, तर त्यातला तुमचा तुकडा नेमका कोणता, याचे उत्तर तो कागद देत नाही. त्या पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि शासकीय मंजुरीवाचून त्या बिगर-आदिवासी व्यक्तीच्या नावे होऊ शकत नाहीत. सातबाऱ्यावर कूळकायद्याचा, कलम 36 अ चा (आदिवासी जमिनीचा) किंवा भोगवटादार वर्ग 2 चा (परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचा) शेरा आहे का, हे वकिलाकडून पाहून घेतल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. जमीन बिगरशेती झाल्याचा कागद, मंजूर आराखडा आणि प्रकल्पाचे क्षेत्र 500 चौरस मीटरांहून जास्त असल्यास महारेराची नोंदणी, ही तिन्ही एजंटकडे असतील, तर तो ती स्वतःहून पुढे करेल. शिवाय असल्या प्लॉटला बँका सहसा दारात उभे करत नाहीत, हाच मोठा इशारा समजावा. सासूबाईंच्या अंगणाची ओढ मला कळते. पण गुडघे दुखणाऱ्या बाईला मध्यरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर वांगणीहून निदान बदलापूर तरी गाठावे लागेल, आणि त्या वेळी स्टेशनबाहेर रिक्षा असेलच असे नाही.

राहता राहिले ते तिसरे, तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत निकालात काढलेले घर, आणि माझे मत त्याच्याच बाजूचे आहे. नेमक्या त्या फ्लॅटच्या नव्हे, कारण लिफ्ट नसलेला तिसरा मजला सासूबाईंना घरातच कोंडून ठेवेल. पण त्याच जातीचे घर, म्हणजे पूर्वेला कुळगावात स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत, लोक राहून मुरलेले, असे शोधावे. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत राहण्याजोगी पूर्ण झाल्याचा दाखला) असेल तर जीएसटी नाही. 36 लाखांच्या घरासाठी 28 लाख कर्ज काढले, तर त्याच दराने हप्ता सुमारे 24,300 रुपये पडेल, आणि 8 लाख घालून उरलेल्या तीन लाखांत मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि किरकोळ डागडुजी भागेल. ओढाताण होईल, पण भाडे त्याच महिन्यापासून थांबेल. चालत दहा मिनिटे म्हणजे सकाळची रिक्षाची रांग नाही आणि रात्री साडेनऊला उतरल्यावर दुप्पट भाड्याची घासाघीसही नाही. पतींना इमारत जुनाट वाटली, हे मी समजू शकते, कारण नमुना फ्लॅटच्या पिवळ्या उजेडातून बाहेर आल्यावर कुठलेही राहते घर कळकटच दिसते.

जुन्या घरात पाहायच्या गोष्टी वेगळ्या असतात. सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी सोसायटीकडे येणे) झाले आहे का, हे पहिले विचारा. बिल्डरने ते कायद्याने करून द्यायचे असते, पण वर्षानुवर्षे रखडलेली प्रकरणे पुष्कळ आहेत. झाले नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने करून दिले नाही तरी सरकारी अधिकाऱ्याकडून ते मिळवण्याचा, अर्ज केला आहे का, तेही विचारा, कारण उद्या पुनर्विकास करायची वेळ आली की गाडी तिथेच अडते. भागधारक दाखला (शेअर सर्टिफिकेट), आधीच्या सर्व करारांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र आणि थकबाकी नसल्याचे सोसायटीचे पत्र, यांतला एकही कागद “नंतर देतो” या बोलीवर सोडू नका. हस्तांतरणासाठी सोसायटी मागेल ती रक्कम द्यावी लागत नाही. त्यावर सहकार खात्याची कमाल मर्यादा आहे आणि महानगरपालिका क्षेत्रातही ती 25,000 रुपयांच्या वर जात नाही. पाण्याचेही विचारा. बदलापूरला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देते, पण इमारतीपर्यंत ते किती आणि कोणत्या वारी पोहोचते, हे सचिवापेक्षा रखवालदार खरे सांगतो. आणि सोसायटीच्या मागच्या वर्षाच्या जमाखर्चात मे महिन्यात टँकरवर किती खर्च पडला आहे, ते पाहिले की दोघांनाही विचारायची गरज राहत नाही.

घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे 36 लाखांवर 36,000 रुपये वाचतात. पतीचे नाव जोडले की ती जाते. कर्जात ते सहकर्जदार राहू शकतात. मात्र घरावर नाव नसेल तर व्याजाची आयकर वजावट त्यांना मिळत नाही. नावाचा प्रश्न घरात नाजूक असतो, हे मला ठाऊक आहे, म्हणून फक्त हिशोब पुढे ठेवला आहे.

आणि मेट्रो-14, पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, यांची नावे तुम्हाला प्रत्येक पत्रकात दिसतील. त्यांची वाट जरूर बघावी, पण आज तुम्हाला लागणारा वेळ मोजताना त्या बाजूला ठेवा. जी गाडी आज फलाटावर येते, तिच्याच भरवशावर घर घ्यावे.

या सगळ्यापेक्षा मी तुम्हाला एक गोष्ट आग्रहाने सुचवते : यंदा घर घेऊच नका. मुलगी पाच वर्षांची आहे, म्हणजे येत्या जूनमध्ये किंवा त्याच्या पुढच्या जूनमध्ये ती पहिलीला जाईल. त्याआधीच्या मे महिन्यात बदलापूर पूर्वेला स्टेशनजवळ अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने राहायला जा. तिची शाळा तिथेच सुरू करा, पाळणाघर लागले तर ते पाहा, सासूबाईंना संध्याकाळी बसायला कट्टा आणि बोलायला चार बायका मिळतात का ते कळू द्या. जुलैत गाड्या बंद पडतील तेव्हा तुम्ही दोघे ठाण्याच्या पलीकडे अडकलात, तर मुलीला शाळेतून कोण आणणार, याचे उत्तर त्या एका पावसाळ्यात मिळून जाईल. गणपती उरकल्यावर घरे बघायला लागा. तोपर्यंत कुठल्या गल्लीत पाणी साचते आणि कुठल्या इमारतीत टँकर येतो, हे तुम्हाला एजंटपेक्षा जास्त माहीत झालेले असेल. सामान हलवण्याचा आणि अनामतीचा खर्च जड वाटेल; तो त्या पार्किंगवरच्या जास्तीच्या जीएसटीपेक्षा कमीच होईल.

तेही आत्ता लगेच जमणार नसेल, तर येत्या सोमवारी दोघांनी पहाटेच्या गाडीने डोंबिवलीहून बदलापूरला जावे, नव्या इमारतीच्या फाटकापर्यंत चालत किंवा रिक्षाने पोहोचावे, आणि घड्याळ लावून तिथून कामाला निघावे. तुम्ही ठाण्याला उतराल. पतींना पुढे सीएसएमटीपर्यंत तसेच उभे राहायचे आहे. रात्री दोघेही घरी परतलात, जेवणे झाली, की मग त्या फ्लॅटचा विषय काढा. तुम्ही नव्हे, त्यांना काढू द्या.